संप मागे घेण्याचा अधिकार कोणाचा?

प्राध्यापक संघटनांच्या घटना वाचल्या, तर संप पुकारायची पद्धत बहुतेक ठिकाणी नीट लिहिलेली सापडते. नोटीस किती दिवस आधी, गणसंख्या (सभेला किमान किती सभासद हजर हवेत) किती, ठराव साध्या बहुमताने की दोन तृतीयांशाने. संप मागे कसा घ्यायचा याबद्दल मात्र एकतर काहीच नसतं, नाहीतर 'कार्यकारिणी परिस्थितीनुसार योग्य तो निर्णय घेईल' एवढी एक ओळ असते. माझ्या मते अख्ख्या घटनेत सगळ्यात महागात पडणारी ओळ हीच.

ब्रिटनमधल्या युनिव्हर्सिटी अँड कॉलेज युनियनचं २०१८ सालचं उदाहरण त्यासाठी बारकाईने बघण्यासारखं आहे. पेन्शन योजनेतल्या बदलाविरुद्ध या संघटनेने १४ दिवसांचा संप केला. साठाहून अधिक विद्यापीठांत तो चालला. १२ मार्चला मध्यस्थांमार्फत तडजोडीचा मसुदा तयार झाला. त्यात तीन वर्षांसाठी, नोकरीच्या दर वर्षामागे जमा होणारं पेन्शन पगाराच्या १/७५ वरून १/८५ वर येणार होतं, आणि ज्या पगारापर्यंत खात्रीचं पेन्शन मिळे ती मर्यादा सुमारे ५५ हजार पौंडांवरून ४२ हजारांवर. हे आकडे बोचणारे होतेच. पण संपात बुडालेले तास भरून काढावेत, यासाठी संघटनेने सभासदांना उद्युक्त करावं, असंही त्यात होतं. म्हणजे त्या दिवसांचा पगार कापला जाणार आणि काम मात्र करून द्यायचं! दुसऱ्याच दिवशी शाखाशाखांत तातडीच्या सभा झाल्या, मुख्य कार्यालयाबाहेर सभासद जमले आणि मसुदा बारगळला. महिनाभराने संयुक्त तज्ज्ञ समितीचा वेगळा प्रस्ताव आला. तो सगळ्या सभासदांच्या मतदानाला टाकला गेला आणि ६४ टक्क्यांनी मंजूर झाला. विरोधात ३६ टक्के, म्हणजे नाराजी काही थोडीथोडकी नव्हती. तरीही संप थांबला तो सभासदांच्या मताने थांबला.

म्हणून घटनेत असं कलम हवं: ज्यांनी मतदान करून संप पुकारला, त्यांच्याच मतदानाने तो मागे घेतला जाईल. मसुद्याचा पूर्ण मजकूर, सारांश नव्हे, मतदानाआधी किमान ४८ तास सभासदांच्या हातात असेल. कार्यकारिणी शिफारस करू शकेल, पण वाटाघाटी समितीतल्या ज्यांचं मत वेगळं असेल त्यांचं म्हणणंही त्याच पत्रकात छापलं जाईल. 'संप तूर्त स्थगित' हा शब्दप्रयोग कोण आणि किती दिवसांसाठी वापरू शकतो, तेही लिहावं. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच संघटनेने दोन आठवड्यांतले संपाचे सात दिवस स्थगित केले, तेव्हा स्थगितीचा निर्णय नेमका कोणाचा, यावरून आतच मोठा वाद पेटला. बोलणी चांगली चालली असतील तर दोन-तीन दिवस थांबायची मुभा असावी, हे मलाही पटतं. पण तिसऱ्या दिवसानंतर सभा घेणं बंधनकारक हवं.

आता सभेबद्दल. लोकशाहीचा गळा घोटला जातो तो बहुतेक वेळा सभेच्या नोटिशीतच. नोटिशीच्या शेवटी छापलेलं असतं: 'गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी सभा होईल व त्या सभेस गणसंख्येची अट राहणार नाही.' वार्षिक हिशेब मंजूर करायला ही सोय ठीक आहे. पण समजा सभासद ४०० आहेत, गणसंख्या एक तृतीयांश म्हणजे १३४ आहे, आणि सभा दुपारी साडेबाराला, तास चालू असताना ठेवली आहे. एक वाजता तहकूब सभेत ३५ जण ठरवतात की बाकीच्या ३६५ जणांनी पगार सोडून घरी बसायचं. असा संप चौथ्या दिवशी ढेपाळतो, आणि मग 'सभासद कच खातात' म्हणून सभासदांनाच बोल लावला जातो. संप, तडजोड, घटनादुरुस्ती आणि अविश्वास ठराव या चार विषयांना तहकूब सभेची सवलत लागू नाही, असं एक वाक्य पोटनियमात घातलं की हे थांबतं.

दुसरी चोरवाट म्हणजे विषयपत्रिकेतला शेवटचा विषय, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. त्यात अभिनंदनाचे आणि शोकप्रस्तावाचे ठराव येऊ द्यावेत. पैसा, कोर्टकचेरी आणि आंदोलन यांपैकी काहीही त्यात येता कामा नये. इतिवृत्तही सभेनंतर सात दिवसांत सगळ्यांना गेलं पाहिजे, आणि त्यात सूचक, अनुमोदक, बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती हे आकडे हवेत. 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द हात मोजायचा कंटाळा झाकायला वापरले जातात. पुढे प्रकरण न्यायालयात गेलं तर त्याच शब्दांवर संघटना अडकते.

संपाचं हत्यार निवडतानाही हाच प्रश्न पुढे येतो. तास बंद ठेवले तर तोटा रोजचा असतो आणि तो मोजता येतो. परीक्षेच्या कामावर किंवा पेपर तपासणीवर बहिष्कार टाकला तर दबाव जास्त येतो, पण पगारकपातीचा अंदाज बांधता येत नाही. महाराष्ट्रात २०१३ मध्ये सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या प्राध्यापकांचा प्रश्न, या मागण्यांसाठी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकण्यात आला. तो ४ फेब्रुवारीला सुरू झाला आणि उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर १० मे रोजी संपला. आम्ही शिकवत होतो, फक्त परीक्षेचं काम केलं नाही, असं प्राध्यापकांचं म्हणणं होतं. तरी ७१ दिवसांचा पगार अडला आणि त्याचा वाद पुढे वर्षानुवर्षं रेंगाळला. ब्रिटनमध्ये एप्रिल ते सप्टेंबर २०२३ या काळात पेपर तपासणीवरचा बहिष्कार चालला. तिथेही कित्येक विद्यापीठांनी तपासणीचं काम आठवड्यातल्या थोड्या तासांचं असताना ५० ते १०० टक्के पगार कापला. त्याच वर्षी शरदात पुन्हा संपासाठी मतदान घेतलं, तर कायद्याने आवश्यक ५० टक्के मतदानच झालं नाही. लोक दमले होते आणि खिसे रिकामे झाले होते.

बहिष्काराचं ओझं सगळ्यांवर सारखं पडत नाही, हे ठराव मांडणाऱ्यांनी आधी बघायला हवं. तपासणीचे गठ्ठे ज्यांच्या वाट्याला या सत्रात आलेच नाहीत, ते हात वर करून मोकळे होतात. ज्यांच्याकडे तीन वर्गांचे गठ्ठे आहेत त्यांचा पगार जातो. म्हणून मतदानाच्या आधीच निधीचा हिशेब मांडावा. ४०० सभासदांनी वर्षातून एका दिवसाचा पगार दिला तर ४०० दिवसांचे पगार जमतात. कपात झालेल्या ६० जणांना निम्मा पगार द्यायचा ठरवलं, तर रोज ३० दिवसांचे पगार खर्च होतात. म्हणजे निधी साधारण १३ दिवस पुरतो. पंधरवड्याच्या पुढे बहिष्कार न्यायचा असेल तर वर्गणी वाढवायची की मुदत कमी ठेवायची, हा प्रश्न फळ्यावर आकडे लिहून सभेपुढे ठेवावा. आकडे दिसले की भाषणं आपोआप आखूड होतात.

तासिका तत्त्वावरचे आणि कंत्राटी शिक्षक हा या सगळ्यातला सगळ्यात दुखरा भाग. अनेक ठिकाणी त्यांना सभासदत्व असतं पण मत नसतं, किंवा मत असतं पण कार्यकारिणीत जागा नसते. संपात मात्र त्यांनी तास घेऊ नयेत अशी अपेक्षा असते. त्यांचा तास बुडाला की मानधन बुडालं, आणि पुढच्या सत्रात नेमणूक झाली नाही तर कारणही कोणी सांगत नाही. वर्गणी पगाराच्या प्रमाणात ठेवावी, मत मात्र प्रत्येकाला एकच आणि पूर्ण. कार्यकारिणीत त्यांच्या राखीव जागा त्यांनीच निवडाव्यात, अध्यक्षांनी नेमू नयेत. मागणीपत्रात त्यांच्या मागण्या तेराव्या क्रमांकावर असतील, तर वाटाघाटीत पहिला बळी त्यांचाच जातो, कारण तडजोड करताना यादी खालून कापली जाते.

विभागप्रमुख आणि कनिष्ठ प्राध्यापक दोघेही सभासद असले आणि एकाने दुसऱ्याविरुद्ध तक्रार केली, तर संघटना कोणाच्या बाजूने? दोघांच्याही. योग्य चौकशी, आरोपपत्राची प्रत आणि उत्तराला पुरेसा वेळ हे हक्क दोघांचे आहेत. पण त्यासाठी दोन वेगळे प्रतिनिधी नेमावे लागतात, त्यांनी एकमेकांशी कागदपत्रांबद्दल बोलायचं नाही, आणि दोघांपैकी कोणीही त्या विभागातला नसावा. एकच सचिव दोन्हीकडे धावायला लागला की कनिष्ठाची बाजू आधी लंगडी पडते.

संघटना स्वतः मालक असते, हेही विसरून चालत नाही. २०१८ च्या त्या संपानंतर मॅंचेस्टरच्या अधिवेशनात निवडून आलेल्या, पण पगारी असलेल्या सरचिटणिसांवर ताशेरे आणि अविश्वास असे ठराव आले. संघटनेचे पगारी कर्मचारी दुसऱ्या युनियनचे सभासद होते. या ठरावांनी नोकरीतल्या हक्कांवर गदा येते, असं म्हणत त्यांनी सभागृह सोडलं आणि अधिवेशन गुंडाळावं लागलं. त्यानंतर अंतर्गत लोकशाहीचा विचार करायला आयोग नेमला गेला. निवडून आलेला पदाधिकारी पगारीही असेल, तर त्याला पदावरून दूर कसं करायचं हे तो निवडून येण्याआधी लिहून ठेवावं लागतं: किती सभासदांच्या सह्यांनी मागणी करायची, किती दिवसांत खास सभा, अध्यक्षस्थानी कोण, त्याला उत्तर द्यायला किती वेळ, आणि पद गेल्यावर त्याच्या नोकरीचं काय. सह्यांची अट एक दशांश ठेवली तर रोज उठून कोणी कुरापत काढू शकत नाही, आणि ४०० जणांच्या संघटनेत ४० सह्या आठवड्याभरात जमवता येतात. ती मागणी स्वीकारायचं काम मात्र सचिवाकडे देऊ नये. ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याच्याच टेबलावर तो पडून राहतो. वार्षिक सभेत निवडलेला, कार्यकारिणीबाहेरचा निर्वाचन अधिकारी त्यासाठी असावा, आणि मतदारयादीही वर्षभर त्याच्याच ताब्यात असावी.