ठासणीच्या बंदुकीवरची दुर्बीण

पेनसिल्व्हेनियाच्या ज्या भागात आम्ही राहतो, तिथे हरणांच्या शिकारीचा हंगाम सणासारखा पाळतात. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी अजूनही कित्येक शाळा बंद असतात. मी इथल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात दुर्बिणींच्या काउंटरवर काम करते. त्याआधी पुण्यात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे. त्यामुळे गिऱ्हाईक समोर आलं की माझं लक्ष आधी त्याच्या डोळ्यांकडे जातं, बंदुकीकडे नंतर. हीच रीत बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे, आणि आमच्याकडे ती फार कमी जणांना पटते.

एक आजोबा सप्टेंबरात आले. सत्तरी ओलांडलेली, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. सोबत ५० कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच भोकाच्या नळीची ठासणीची बंदूक, तिच्यावर नेम धरायला पुढे साधी माशी, म्हणजे टोकावरचा उंचवटा, आणि मागे खाच. आधल्या ऑक्टोबरात त्यांनी एका मादीवर बार टाकला होता. गोळी छातीऐवजी पोटात बसली. रात्री उशिरापर्यंत बॅटरी घेऊन रक्ताचा माग काढला, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, हरिण मिळालं नाही. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मुलीने बजावलं होतं, दुर्बीण बसवा नाहीतर बंदूक ठेवून द्या.

ठासणीची बंदूक म्हटलं की आपल्याकडे किल्ल्यावरची किंवा कोकणातल्या शेतराखणीची आठवते. इथली आजची बंदूक तशी नसते. १९८५मध्ये मिझुरीतल्या टोनी नाइट यांनी एमके-८५ बाजारात आणली, तेव्हापासून ठिणगी बाजूने न पडता नळीच्या थेट मागून पडते. बाकी रीत जुनीच. दारू तोंडातून घालायची, प्लॅस्टिकच्या टोपणातली गोळी गजाने ठासायची, मागे प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, बसवायचा. बार एकच. दुसरा भरेपर्यंत हरिण टेकडीपार गेलेलं असतं, म्हणून पहिली गोळी जागेवर बसणं हेच सगळं.

माझ्या सहकाऱ्याने तोवर ४-१६ बाय ५०ची दुर्बीण काढून ठेवली होती, म्हणजे चार ते सोळापट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग पन्नास मिलिमीटरचं. मोठी, महाग, काचेच्या कपाटात उठून दिसणारी. तो वाईट माणूस नाही, पण मोठा आकडा म्हणजे चांगला माल हे त्याच्या डोक्यातून जात नाही. गिऱ्हाइकांच्याही नाही. सोळापट म्हटलं की त्यांचे डोळे चमकतात.

आता हिशेब बघा. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. पन्नास मिलिमीटरचं भिंग चारपटीवर साडेबारा मिलिमीटरचा झोत देतं. तरुण माणसाची बाहुली अंधारात सातेक मिलिमीटर उघडते, सत्तरीनंतर पाचच्या आसपास. म्हणजे वरचा सगळा प्रकाश बुबुळावर पडून वाया. तेहतीस मिलिमीटरचं लहान भिंगसुद्धा चारपटीवर आठ मिलिमीटर देतं. आजोबांच्या डोळ्याला ते पुरून उरतं, आणि इथे कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच शिकार करता येते. सोळापटीची तर गरजच नव्हती. ऑक्टोबरातल्या ठासणीच्या हंगामात झाडांवर पानं असतात, हरिण दिसतं तेच पन्नास-साठ यार्डांवर. तिथे सोळापटीतून नुसते तपकिरी केस दिसतील.

त्यांच्या नेमाचं खरं दुखणं वेगळंच होतं. साध्या नेमात डोळ्याला मागची खाच, पुढची माशी आणि हरिण अशा तीन अंतरांवर एकाच वेळी बघावं लागतं. या वयात आणि ऑपरेशनमध्ये बसवलेल्या, दूरचंच बघणाऱ्या भिंगाने ते शक्य नाही. हरिण स्वच्छ दिसतं आणि माशी पुसट होते. दुर्बीण फुलीची रेघ आणि हरिण एकाच पातळीवर आणते. त्यांना हवं होतं ते एवढंच, मोठं करून दाखवणं नंतरचं.

मी २-७ बाय ३३ची काढली. बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही अशी मुख्य गोष्ट म्हणजे मागचं भिंग आणि डोळा यांच्यातलं अंतर. ठासणीची बंदूक खांद्याला जोरात ढकलते. दारूच्या पन्नास ग्रेनच्या (ग्रेन हे दारू आणि गोळी मोजायचं बारीक माप) दोन वड्यांऐवजी तीन घातल्या की फारच. अंतर तीन इंच असेल तर दुर्बिणीची कडा भुवईवर येते आणि चंद्रकोरीसारखी खोक पडते. अशा खुणा असलेली माणसं आमच्या दुकानात नेहमी येतात. मला चार इंचांच्या जवळपास हवं होतं. शिवाय दृष्टिभेद, म्हणजे डोळा हलला की फुली निशाणावरून सरकल्यासारखी दिसणं, शंभर यार्डांवर जुळवलेला, आत नायट्रोजन भरून सीलबंद केलेली, कारण या दारूची काजळी ओल धरते आणि नळी प्रत्येक वेळी धुवावी लागते.

आजोबांना खाली जादा खुणा असलेली फुली हवी होती, दोनशे-अडीचशे यार्डांसाठी. खोक्यावर तसं चित्र असतं. मी साधी फुलीच दिली. शंभर ग्रेन दारू आणि अडीचशे ग्रेनची गोळी शंभर यार्डांवर जुळवली तर दोनशेवर ती जवळपास फूटभर खाली जाते आणि पोचायला सेकंदाचा चार-दशांश लागतो. तेवढ्यात हरिण एक पाऊल टाकतं, आणि छातीवर धरलेला नेम पोटात जातो. दुर्बीण हरिण जवळ आणते, गोळीचा वेग वाढवत नाही.

बसवायचं काम मी कुणाला देत नाही. कारखान्यातून बंदूक आणि दुर्बीण एकत्र येतात, तेव्हा दुर्बीण धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू निम्म्या वेळा ढिले असतात. गिऱ्हाईक नेम लागत नाही म्हणून दारू बदलतं, गोळी बदलतं आणि हंगाम संपतो. मी स्क्रूवरचं तेल पुसलं, कड्या टॉर्क पान्याने सतरा इंच-पौंडांवर आवळल्या, फुली सरळ उभी आहे का ते ओळंबा लावून तपासलं. दुर्बीण खाली बसवली की तिच्याखालच्या, प्रायमरवर आदळणाऱ्या घोड्यापर्यंत अंगठा पोचत नाही. हातमोजा घालून घोडा हलकेच खाली घेताना अंगठा सटकला तर बार उडतो. म्हणून घोड्याला बाजूने जोडायचा लहान दांडा लागतो. आजोबा डावखुरे, तो डावीकडे लावला. काउंटरवर त्यांना डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगितलं आणि मग डोळे उघडायला सांगितलं. चित्र पूर्ण गोल, कडेला काळी सावली नाही. तोवर दुर्बीण पुढे-मागे सरकवत राहिले.

नेम जुळवताना प्रत्येक बारानंतर नळी पुसून मगच पुढचा बार टाका, एवढं सांगून पाठवलं. जंगलात पहिला बार स्वच्छ नळीतूनच जाणार असतो.

ऑक्टोबरात सत्तर यार्डांवर मादी जागेवर पडली, हे सांगायला ते मुद्दाम आले. मला फार आनंद झाला. पण लगेच त्यांनी दुसरी बंदूक काउंटरवर ठेवली, चकमकीची, म्हणजे गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी. नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून इथे फक्त चकमकीच्या बंदुकांचा हंगाम असतो, १९७४पासून चालत आलेला. आजोबा पहिल्या वर्षापासून जात आलेले. त्या हंगामात दुर्बीण चालत नाही. डोळे मात्र तेच, आणि वर रंजक, म्हणजे ठिणगी झेलणारी बाहेरची चिमूटभर दारू, पेटून बार उडेपर्यंत नेम हलू न देता धरायचा.

सहकारी म्हणाला, नियम आहे, विषय संपला. नियमामागचा विचार मला कळतो. कोलोरॅडो ठासणीच्या हंगामात दुर्बीण चालू देत नाही. युटाने २०१६मध्ये मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणींना परवानगी दिली आणि २०२४मध्ये ती काढून घेतली. पल्ला वाढला की हरणाला मिळणारी सवड जाते, आणि सवड राहावी म्हणूनच तर हा वेगळा हंगाम. पण हा नियम तिशीतल्या नजरेचा माणूस आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूस यांना एकाच मापाने मोजतो. पोटात गोळी घेऊन पळालेल्या हरणाचा हिशेब त्यात कुठे येतो, ते मला अजून दिसलेलं नाही.

मी जाऊ का, असं त्यांनी सरळ विचारलं. मी म्हटलं, चाळीस यार्डांवर आठ इंचांची कागदी थाळी लावा, हरणाच्या छातीचं माप तेवढंच. वेगवेगळ्या सकाळी थंड, स्वच्छ नळीतून एकच बार टाका. प्रत्येक वेळी थाळीत बसला तर जा, एकदाही बाहेर गेला तर जाऊ नका. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते कठोर वाटलं हे दिसत होतं. चाळीस यार्ड हा आकडा मी कुठल्या आधारावर सांगितला, तीस का नाही, याचा विचार मी अजून करते आहे.