पोहे तेच, शुगर वेगळी

मी नाशिकला एका क्लिनिकमध्ये डायबेटिस एज्युकेटर आहे, म्हणजे डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं की ते कुठे टोचायचं, कधी टोचायचं, भाकरी किती, भात किती हे समजावायचं काम माझं. आमच्याकडे टाइप वनची मुलं बरीच येतात. यांच्या शरीरात इन्सुलिन बनवणाऱ्या बहुतेक पेशी स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने मारून टाकलेल्या असतात, त्यामुळे गोड खाल्लं म्हणून झालं का, माझं काय चुकलं, या आयांच्या प्रश्नांवर पहिल्याच दिवशी फुली मारावी लागते. हे सगळं मी दुसऱ्यांना शिकवते आणि तरी त्या रविवारी माझंच पितळ उघडं पडलं.

झालं असं की क्लिनिकला तीन सेन्सर मिळाले होते. दंडावर चिकटवायचा, १४ दिवस चालतो, मोबाइलवर शुगरचा ग्राफ दिसतो. पालक मला नेहमी विचारतात की मॅडम तक्त्यात ४० ग्रॅम कार्ब (म्हणजे कर्बोदकं) लिहिलंय, आम्ही तेवढंच देतो, मग आमच्याकडेच शुगर का वाढते? म्हटलं एकदा तिघांना बोलवू, एकच नाश्ता देऊ, बघू काय होतं ते. पोहे मीच घरून करून नेले. १५० ग्रॅम कोरडे पोहे, बटाटा नाही, शेंगदाणे मोजून, आणि झाल्यावर काट्यावर ठेवून तीन सारखे भाग. कोरड्या १०० ग्रॅम पोह्यात साधारण ७६-७७ ग्रॅम कार्ब असतात, म्हणजे एका प्लेटला ३८, कांदाबिंदा धरून ४०. लिंबू पण सारखंच पिळलं, हसू नका.

तिघं म्हणजे एक तिसरीतली मुलगी, निदान होऊन पाचच महिने झालेली. एक नववीतला मुलगा. आणि एक बँकेत नोकरी करणारी ताई. इन्सुलिन अर्थात प्रत्येकाला आपापल्या हिशोबाने, मुलीला २० ग्रॅम कार्बला १ युनिट म्हणून २, ताईला ४, मुलाला ८ ग्रॅमला १ म्हणून ५. तिघांची सुरुवातीची शुगर १२० ते १३५ च्या मधेच होती, म्हणजे शर्यत एकाच रेषेवरून सुरू झाली म्हणायची.

ताईचा ग्राफ आधी खालीच गेला. सीबीएस बसस्टँडपासून क्लिनिकपर्यंत बाईसाहेब चालत आल्या होत्या, भरभर, उशीर झाला म्हणून, आणि वर टोचून २० मिनिटं थांबल्या. चाललं की स्नायू साखर ओढून घेतात, इन्सुलिन पण पटकन लागतं, पोहे पोटातून पुढे सरकायच्या आतच ६६. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, १५ मिनिटं थांबलो, बोटाला टोचून मोजली तर ९१ आली तरी सेन्सर ७० च दाखवत होता, कारण तो रक्तातली नाही तर कातडीखालच्या द्रवातली शुगर मोजतो आणि थोडा मागून येतो. तिला घाम फुटलेला पण म्हणते कशी, मॅडम पोहे मात्र छान झालेत.

छोटीचा ग्राफ म्हणजे सपाट मैदान. १५८ पर्यंत गेली आणि उतरली. तिची आई जरा ताठ बसून म्हणाली, "आम्ही सगळं पाळतो ना." तेव्हाच मुलाचा मोबाइल वाजला. २५०. मग २७०. दीड तासाने २९४.

मुलाची आई आधी काहीच बोलली नाही, मग हळूच त्याच्याकडे वळून, "खरं सांग, येताना काय खाल्लंस?" तो म्हणाला, "आई, तुझ्याच गाडीवर मागे बसून आलो ना मी." आणि खोली एकदम गप्प. कारण तो सगळ्यांच्या समोर बसला होता, पोहे मी दिलेले, इन्सुलिनचं पेन मी बघितलेलं. आणि मला आठवलं की या मुलाच्या फाईलमध्ये मागच्या वर्षी माझ्याच अक्षरात लिहिलंय, "डाएट पाळत नाही. चोरून खातो?" प्रश्नचिन्ह टाकलं होतं, पण ते काय, कुणी वाचतं का.

त्याला आत नेऊन शर्ट वर करायला सांगितला. बेंबीच्या डावीकडे बोटं फिरवली तर रबरासारखी जाड गाठ, लिंबाएवढी. डोळ्यांना नाही दिसत, हाताला लागते. इथेच का टोचतोस विचारलं तर म्हणे इथे दुखत नाही. बरोबर आहे, सारखं एकाच जागी टोचून तिथे चरबी साठते, संवेदना कमी होते, आणि इन्सुलिन तिथे अडकून पडतं, कधी लागतं कधी नाही. वर हा टोचल्या टोचल्या खायला बसायचा. मी दर महिन्याला त्याची वही तपासली, पोट एकदाही नीट तपासलं नव्हतं.

बाहेर येऊन आधी छोटीच्या आईला सांगावं लागलं की तिच्या स्वादुपिंडात अजून थोडं इन्सुलिन बनतंय, याला हनिमून पिरियड म्हणतात (हा शब्द ज्याने काढला त्याने मुलांसमोर पालकांना समजावून दाखवावं एकदा), हे काही महिन्यांत ओसरेल, तेव्हा घाबरू नका आणि आत्ता कुणाकडे बघून मान पण ताठ करू नका. दुसरं वाक्य मनातच म्हटलं.

गाठ सापडली, प्रश्न सुटला असं मला वाटलं. डॉक्टरांनी त्याचा रात्रीचा डोस आधी थोडा कमी केला, कारण तेवढंच इन्सुलिन चांगल्या जागी पूर्ण लागलं तर शुगर धाडकन पडते. पुढच्या रविवारी परत तेच पोहे, तेच ५ युनिट, पण उजवीकडे नव्या जागी आणि १५ मिनिटं आधी. २२६! कमी झाली, पण हवी ती १८० च्या आत, तेवढी नाहीच. मग घरी संध्याकाळी तीच प्लेट करून बघायला सांगितली, तर १७२. तोच मुलगा, तेच पोहे. वाढीच्या वयात रात्रभर ग्रोथ हार्मोनचा जोर असतो आणि सकाळी इन्सुलिन कमी पडतं. आता डॉक्टरांनी त्याला सकाळी ६ ग्रॅमला १ आणि संध्याकाळी ८ ला १ असं करून दिलंय. २०१५ मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने डायबेटिसचं निदान नसलेल्या ८०० जणांना आठवडाभर सेन्सर लावले होते, त्यांच्यातही सारख्याच खाण्याने शुगर वेगवेगळी चढली होती, हे मी वाचलेलं होतं, लेक्चरमध्ये सांगितलंही होतं. आणि फाईलमध्ये "चोरून खातो?"

तो शेरा त्याच्यासमोर खोडायला घेतला तर म्हणाला, "राहू द्या मॅडम, आधी बाबांना दाखवतो." आई खाली बघून पदराशी चाळा करत होती.

आता त्याला मिसळीचा ग्राफ काढायचाय, नाशिकचा आहे, काढणारच. पण तर्रीत तेल एवढं की शुगर लगेच चढत नाही, दोन तासांनी बघितलं तर सगळं छान दिसतं आणि तीन-चार तासांनी वर जाते, त्यामुळे त्या रविवारी दुपारपर्यंत थांबावं लागणार. ग्रुपवर टाकलंय, पाव मोजून आणा, आणि कुणी चालत येऊ नका.