काळा कुत्रा आणि बाराचं ऊन

कुत्र्याचा फोटो काढून द्या म्हणून एका ताईंनी मला फोन केला. म्हणाल्या, "आमच्याकडे त्याचे शेकड्यांनी फोटो आहेत हो, पण एकातही तो दिसत नाही."

घरी गेल्यावर त्यांनी मोबाइल पुढे केला. चौदा वर्षांचा काळाभोर कुत्रा, आणि प्रत्येक फोटोत उन्हाने झगझगणाऱ्या अंगणापुढे नुसता काळा ठिपका. कान कुठे, डोळे कुठे, काही कळेना. असं का होतं ते मी त्यांना सांगितलं. कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. मागे ऊन असलं की तो अख्खा फोटो काळवंडून टाकतो आणि काळं जनावर त्यात बुडतं. तेच कुत्र्याने फ्रेम भरली तर मीटरला उजेड कमी वाटतो, तो फोटो उजळ करतो आणि काळ्याचा राखाडी होतो. पांढऱ्या मांजरीला हाच मीटर मळकट करून ठेवतो.

मी वेळ संध्याकाळची मागितली होती. सूर्य क्षितिजाजवळ आला की ऊन आडवं आणि मऊ पडतं, केसांच्या कडा उजळतात. पण संध्याकाळच्या औषधानंतर तो दिवे लागायच्या आत झोपतो. जाग आणि हुशारी असते ती अकरा ते साडेबारा. म्हणजे नेमकं डोक्यावरचं ऊन, ज्या वेळी मी एरवी कॅमेरा बॅगेतून काढतही नाही.

ताईंनी आधी त्याला झाडाखाली नेलं. सावली होती, पण पानांतून कवडसे पडत होते. काळ्या अंगावर प्रत्येक कवडसा पांढरा डाग होऊन बसला होता, एक तर बरोबर नाकावर. असा डाग जळला की तिथे काही उरतच नाही, नंतर संगणकावर कितीही खटपट करा. भर उन्हात बसवायचा तर प्रश्नच नव्हता. फरशीवर मी हाताची पालथी बाजू टेकवून पाहिली आणि पाच सेकंदांत उचलली. तिथे त्याचे पंजे मला ठेवायचे नव्हते.

मग माझ्याकडून एक चूक झाली, ती अजून टोचते. उजेड परतवायचा घडीचा रिफ्लेक्टर मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उघडला. तो फटकन उघडतो, मला सवयीने ऐकूही येत नाही. म्हातारा कुत्रा दचकून घरात पलंगाखाली गेला. ताई काही बोलल्या नाहीत, जमिनीवर बसून त्याला हाका मारत राहिल्या. वीसेक मिनिटं गेली. तेव्हापासून रिफ्लेक्टर मी गाडीजवळच उघडून आणतो.

त्या वीस मिनिटांत मी व्हरांड्यात नुसता उभा होतो, आणि तेव्हा ती भिंत दिसली. अंगणापलीकडची कंपाउंडची भिंत पांढरी होती आणि तिच्यावर ऊन पडलेलं होतं. तिच्यावरून परतलेला उजेड सरळ व्हरांड्यात येत होता. वर छप्पर, समोर आठ-दहा फूट रुंदीचा मऊ उजेड. आम्ही याला ओपन शेड म्हणतो, पण नुसती सावली पुरत नाही, सावलीला उजेडाकडे तोंड लागतं. व्हरांड्याच्या आत आत गेलो की तोच उजेड मरत जात होता, म्हणून जागा ठरली ती सावलीच्या अगदी काठावर, उन्हापासून वीतभर आत.

एक अडचण उरली. समोर हिरवळ होती आणि तिचा हिरवा रंग हनुवटीखाली चढतो. त्वचेवर दिसतो तसा काळ्या, चकाकत्या केसांवरही दिसतो. मी ताईंना पांढरी चादर मागितली आणि उन्हातल्या गवतावर अंथरली. हिरवा रंग गेला आणि खालूनही उजेड मिळाला.

तो स्वतःहून आला, ताईंच्या मांडीला टेकून बसला. मी पोटावर झोपून कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणला. लेन्सचं छिद्र एफ ४, म्हणजे डोळ्यांबरोबर नाकही बऱ्यापैकी स्पष्ट राहतं. शटर १/२५० सेकंद, कारण तो धापत होता. आणि मीटर सांगतो त्यापेक्षा एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा उजेड.

पहिल्या फोटोत डोळे दुधाळ आले. वयामुळे डोळ्यांतल्या भिंगांत निळसर झाक होती आणि उजेड समोरून आला की तीच चमकत होती. फ्लॅश तर मी अशा डोळ्यांवर वापरतच नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्यामागचा परावर्तक थर तो उजेड हिरवट करून परत फेकतो. मी ताईंना दीड हात डावीकडे सरकायला सांगितलं. त्यांच्याबरोबर त्याची मान वळली, उजेड बाजूने आला, झाक विरली. खालचा गडद तपकिरी रंग दिसला आणि त्यात भिंतीचा पांढरा, चौकोनी ठिपका. काळ्या कुत्र्याच्या फोटोत मी या ठिपक्यासाठी थांबतो. तो नसेल तर डोळा म्हणजे काळ्यातलं आणखी एक काळं. बाजूच्या उजेडाने गालाचं हाडही उठलं, आणि तोंडाभोवतीचे पांढरे केस एकेक मोजता आले असते.

ताईंना पडद्यावर दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "असाच बघतो," एवढंच म्हणाल्या.

आणखी सहा-सात फोटो झाले आणि तो तिथेच आडवा झाला. मी थांबलो. झोपलेल्या म्हाताऱ्या जनावराला फोटोसाठी उठवू नये असं माझं ठाम मत आहे.

रात्री फोटो उजळ करायचा मोह झाला. अंधाऱ्या भागातला तपशील थोडा वर काढला, तर तो राखाडी कुत्रा झाला. पुन्हा खाली आणला.

आठवड्याने ताईंनी मोबाइलवर त्यांनी स्वतः काढलेला फोटो पाठवला. जागा तीच, चादर तीच, पण वेळ दुपारी चारची. भिंतीवरचं ऊन सरकलं होतं आणि डोळ्यांतला ठिपका नव्हता. मी लिहिलं, साडेअकराला काढून बघा, आणि पडद्यावर त्याच्या तोंडावर बोट ठेवून उजेड किंचित खाली ओढा. दुसऱ्या दिवशी अकरा चाळीसला फोटो आला. ठिपका होता.