काऊने नेलं

आमच्याकडे कुठलीही वस्तू मुलीपासून लपवायची असली की ती काऊ न्यायचा. मोबाइल काऊने नेला, रिमोट काऊने नेला, उरलेलं चॉकलेट तर हमखास काऊनेच. बिचारा आयुष्यभर शेणाच्या घरात राहिला आणि वर आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमधल्या सगळ्या चोऱ्या त्याच्या नावावर. पण त्याचा खरा उपयोग सकाळी पावणेआठला, माझ्या ऑफिसला निघायच्या वेळी. सासूबाई तिला कडेवर घेऊन गॅलरीत जायच्या, "चल चल, काऊ आलाय बघ", आणि इकडे मी चपला हातात घेऊन, लॅचचा आवाज होणार नाही अशा बेताने सटकायचे. रडारड नाही, काही नाही. जिना उतरताना वाटायचं, काय मस्त सेटिंग लावलंय आपण.

दीड वर्षाची होती ती. दोनेक आठवडे छान चाललं आणि मग एका रविवारी, म्हणजे मला कुठे जायचंसुद्धा नव्हतं, सासूबाई सहज म्हणाल्या चल काऊ बघू, तर ही जी माझ्या गाऊनला चिकटली ती सोडेचना. मग तर मी बाथरूमला गेले तरी दाराबाहेर बसून राहायची, कडी वाजली की भोकाड. जेवताना "हा घास काऊचा" म्हटलं की तोंड घट्ट बंद. तिच्या लेखी हिशोब सरळ होता, काऊ आला की आई जाते. आम्ही सकाळची पाच मिनिटांची रडारड वाचवली आणि तिला दिवसभराची पहारेदारी लावून दिली.

समोर पाळणाघर चालवणाऱ्या काकू आहेत, त्यांना लिफ्टमध्ये सांगितलं तर म्हणाल्या, "सांगून जा गं. रडेल, रडू दे. पळून नको जाऊस." पळून हा शब्द जरा लागलाच मला. पण दुसऱ्या दिवसापासून तिच्यासमोर बसून, चपला घालत सांगायला लागले, आई ऑफिसला चाललीये, दिवे लागले की येणार. पहिला आठवडा भयंकर, रडणं खालच्या गेटपर्यंत ऐकू यायचं आणि सासूबाई माझ्याकडे अशा बघायच्या की ही आई आहे की कोण.

तेव्हा रात्री ती झोपली की मोबाइलवर काहीबाही वाचत बसायचे. मेरी एन्सवर्थ नावाच्या बाईंनी अमेरिकेत बाल्टिमोरला वर्षाच्या आसपासच्या बाळांवर प्रयोग केले होते, आई खोलीतून थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते, एवढंच. मला वाटलं बाळ किती रडतं ते मोजत असतील. तर त्यांचं खरं लक्ष आई परत आल्यावर बाळ काय करतं याकडे होतं. जवळ येतं का, कडेवर शांत होतं का, की तोंड फिरवतं. मग मीही जाताना मागे वळून बघण्यापेक्षा संध्याकाळकडे लक्ष द्यायला लागले, आल्या आल्या पर्स टाकून आधी जमिनीवर बसायचं, चहा नंतर.

दुसरा एक प्रयोग वाचला तो तर डोक्यातून जातच नाही. समोरचा मार्शमेलो लगेच खाऊ नकोस, थांबलीस तर दोन देईन, हा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असतो, तो म्हणे मुलांचा संयम मोजतो. रोचेस्टर विद्यापीठातल्या लोकांनी २०१३ साली छापलेल्या अभ्यासात त्याच्या आधी एक गंमत केली. ३ ते ५ वर्षांची २८ मुलं, त्यांना सांगितलं थांबा, छान नवे रंग आणते. अर्ध्यांना आणून दिले, अर्ध्यांना सॉरी संपलेत. मग मार्शमेलो. ज्यांना शब्द पाळल्याचा अनुभव होता ती सरासरी १२ मिनिटं थांबली, दुसरी ३. पोरांचं काय चुकलं सांगा, जी बाई रंग आणत नाही ती दुसरा मार्शमेलो कुठून आणणार?

माझ्या आईकडे असा एक डबा होता. पाहुण्यांनी हातावर ठेवलेले पैसे "दे, तुझ्यासाठीच ठेवते" म्हणून त्यात जायचे आणि पुढे त्यांचं काय व्हायचं ते तुम्हालाही माहितीये. बाबांचं वेगळं. त्यांचे दोनच शब्द, "बघू" आणि "आणतो". बघू म्हणजे नाही, हे आम्हाला तोंडपाठ, त्यामुळे कधी रुसलोही नाही. पण आणतो म्हणाले की विषय संपला. एकदा कंपासपेटी आणतो म्हणाले होते आणि रात्री पावसात चिंब भिजून दहाला आले, दोन दुकानं बंद होती म्हणून तिसऱ्यात गेले होते. पेटी पिशवीत कोरडी होती.

मुलगी आता साडेपाच वर्षांची. परवा चिऊताईची गोष्ट सांगताना मध्येच विचारते, "थांब माझ्या बाळाला आंघोळ घालते, थांब तीट लावते, मग दार उघडायचं तिच्या मनात होतं का गं?" मी म्हटलं आपल्या गोष्टीत शेवटी उघडते ना. तर म्हणे, "मग काऊला आधीच किती वेळ ते सांगायचं."

काल मुलुंडच्या पुढे गाडी थांबली. घरी फोन केला, वीस मिनिटांत पोचते.

"खरी वीस?"

मी दारातून वाकून बघितलं. सिग्नल लाल, पुढे अजून एक गाडी उभी.

"नाही गं. तासभर तरी लागेल."

"बरं," म्हणाली आणि फोन आजीकडे दिला.