आमची बेडूकडोळी

एप्रिलमधली रविवारची सकाळ. इंग्लंडमधल्या लेमिंग्टन गावी, आमच्या गल्लीत अजून कुणी पडदे सरकवलेले नसतात. मी गॅरेजचं दार हळूच वर करते, गाडीच्या दारावरून हात आत घालून आतली खिटी ओढते, कारण बाहेरून हँडलच नाही, आणि सीटवर उतरते. पाट मांडून जेवायला बसावं तितकी ती सीट खाली आहे. चोक पूर्ण ओढायचा, किल्ली फिरवायची आणि मग डॅशबोर्डवरची सेल्फची मूठ ओढायची. त्या मुठीची तार थेट सेल्फच्या स्विचपर्यंत जाते. दोन-तीन गचके बसतात, इंजिन पकडतं आणि चोकवर भरभरत राहतं. मी हळूहळू चोक आत सारते. आवाज एकसारखा झाला की कळतं, तब्येत ठीक आहे.

ही ऑस्टिन-हीली स्प्राइट, १९५९ ची, पहिलं मॉडेल. इंग्लंडमध्ये तिला सगळे ‘फ्रॉगआय’ म्हणतात. आमच्या घरी आईने पहिल्याच व्हिडिओ कॉलवर ‘बेडूकडोळी’ म्हटलं आणि तेच नाव राहिलं. बॉनेटवर दोन गोल दिवे खरोखर बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले आहेत. मूळ विचार असा होता की दिवसा हे दिवे मागे निजून बॉनेटमध्ये बसावेत आणि अंधार पडला की उभे राहावेत. पण ती यंत्रणा महाग पडत होती. म्हणून ती वगळली आणि दिवे कायमचे उभे ठेवले. एका काटकसरीतून गाडीला असा चेहरा मिळाला की रस्त्यावरची लहान मुलं आजही तिला हात करतात.

मी वॉरिकशायरमध्ये राहते, आणि ही गाडी याच मातीतली, हे मला फार मोलाचं वाटतं. डोनाल्ड हीली हा कॉर्नवॉलचा माणूस, १९३१ ची माँटे कार्लो रॅली जिंकलेला. त्याची कंपनी वॉरिकमध्ये ‘द केप’ भागात होती, माझ्या घरापासून दहा-बारा मिनिटांवर. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना सामान्य तरुणाला परवडेल अशी छोटी स्पोर्ट्स कार हवी होती. हीली आणि त्याच्या माणसांनी ती वॉरिकमध्ये बेतली. त्यासाठी नवीन भाग फारसे केलेच नाहीत. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल ऑस्टिन ए-३५ चा, स्टिअरिंग मॉरिस मायनरचं. जुळणी अ‍ॅबिंग्डनला, एमजीच्या कारखान्यात. मे १९५८ मध्ये गाडी जगापुढे आली आणि १९६१ पर्यंत सुमारे ४९ हजार तयार झाल्या.

इंजिन ९४८ सीसीचं, ताकद ४३ हॉर्सपॉवर. आकडे ऐकून पुण्यातले मित्र विचारतात, यात स्पोर्ट्स काय आहे? ताशी ६० मैलांचा वेग गाठायला तिला वीस सेकंद लागतात. पण वजन बघा, साधारण ६६० किलो. आपली नॅनो आठवते ना, जवळजवळ तिच्याएवढंच. आणि ते वजनही जमिनीला चिकटून. वळणावर गाडी कलत नाही. स्टिअरिंग जरासं हलवलं की नाक तिकडे वळलेलं असतं. रस्त्यावरची खडी, ओल, डांबराची जुनी ठिगळं, सगळं स्टिअरिंगमधून तळहाताला कळतं. ताशी चाळीस मैलांवर जे समाधान मिळतं ते मला आधुनिक गाडीत शंभरवरही मिळालेलं नाही. छप्पर काढलेलं असलं की वासही रस्त्याबरोबर बदलत जातात. मे महिन्यात इथे रेपसीडची शेतं फुलतात, आपल्या मोहरीसारखी पिवळीधमक, आणि त्यांचा उग्र गोड वास मैलभर सोबत येतो. मग एखाद्या ओढ्याजवळ रस्ता खाली उतरतो आणि गुडघ्यांना एकदम गार हवा लागते.

एक गोष्ट मात्र शिकावी लागली. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे दातांचा वेग आपोआप जुळवून घेणारी सोय, नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, टाकायचाच तर दोनदा क्लच दाबून, मधे इंजिनचे फेरे वाढवून. सुरुवातीला दात करकरायचे आणि माझ्या पोटात कालवायचं. आता ते हातापायांना पाठ झालंय.

दिवसभर मी ज्या गाड्यांवर काम करते त्या अडीच टनांच्या. मी त्यांच्या ब्रेकच्या कंट्रोल युनिटचं टेस्टिंग करते. कामावर माझं मन आहे आणि त्या गाड्या माणसांचे जीव वाचवतात याचा मला अभिमान आहे. पण आमच्या मजल्यावर बसणाऱ्या शेकडो लोकांपैकी ती अख्खी गाडी कळलेला माणूस एकही नाही. प्रत्येकाला आपापला तुकडा ठाऊक. बेडूकडोळी मात्र एका माणसाच्या डोक्यात पूर्ण मावते. इंजिनपासून टेल-लॅम्पपर्यंत प्रत्येक तार कुठून निघून कुठे जाते ते मी डोळे मिटून सांगू शकते. इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना मला नेमकं हेच हवं होतं. ते मिळालं वयाच्या अडतिसाव्या वर्षी, आणि तेही रविवारी, गॅरेजमध्ये.

हे ज्ञान फुकट आलं नाही. गाडी घेतली तेव्हा रंग आरशासारखा होता. महिन्याभराने शेजारचे काका चहाला आले. आयुष्यभर कॉव्हेंट्रीत टूलमेकरचं काम केलेला माणूस. त्यांनी खिशातून छोटं चुंबक काढलं आणि दाराखालच्या पट्टीवरून फिरवत नेलं. एका जागी ते गळून पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. रंगाखाली पत्रा नव्हताच, नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती. विकणाऱ्याला हे माहीत असणारच, आणि त्याचा राग मला आजही येतो. कारण या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची पेटी हाच तिचा कणा. मागचे कमानपाटेसुद्धा अर्धेच आहेत. त्यांचं एक टोक फरशीखालच्या पेटीत घट्ट बसवलेलं असतं आणि मागच्या चाकांचा सगळा जोर त्या पेटीवर येतो. तिथे गंज असेल तर प्रश्न दिसण्याचा राहत नाही, जिवाचा होतो. कुणी अशी गाडी बघायला जाणार असाल तर आधी दार आणि खांबामधली फट बघा. वर चिंचोळी आणि खाली रुंद दिसली तर गाडी मधून बसायला लागली आहे. मग चुंबक. रंग सगळ्यात शेवटी.

तो अख्खा हिवाळा काकांनी मला वेल्डिंग शिकवण्यात घालवला. दुपारी चारला अंधार, गॅरेजमध्ये छोटा हीटर, आणि ते शेजारी स्टुलावर. सुरुवातीला माझे टाके पत्र्याला भोकं पाडायचे. ते शांतपणे म्हणायचे, पुन्हा. मार्चमध्ये शेवटची पट्टी बसली तेव्हा त्यांनी जोडावरून अंगठा फिरवला आणि फक्त मान हलवली. ती शाबासकी मी जपून ठेवली आहे.

कागदपत्रांचं म्हणाल तर इथे जुन्या गाडीला मान आहे. चाळीस वर्षांपुढच्या गाडीला रोड टॅक्स नाही, आणि २०१८ पासून, गाडीत मोठे बदल केलेले नसतील तर, वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. मी तरी दरवर्षी तपासून घेते. दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसतं ते आपल्याला दिसत नाही. सप्टेंबर २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतात. म्हणून मी सगळ्या नळ्या बदलल्या आणि टाकीत ५ टक्केवालंच भरते. तिकडे भारतात २० टक्के इथेनॉलवरून जुन्या गाडीवाल्यांची काळजी चाललेली ऐकते. त्यांना एवढंच सांगेन, आधी नळ्यांना हात लावून बघा. मऊ, चिकट किंवा चिरलेली लागली तर वाट बघू नका.

फॉस वे हा माझा आवडता रस्ता. एक्सेटरपासून लिंकनपर्यंत रोमन लोकांनी आखलेला, आमच्या भागात तर दोरी धरून काढल्यासारखा सरळ. गेल्या जूनमध्ये मॉर्टन-इन-मार्शकडे जाताना हॅलफर्डच्या अलीकडे इंजिन एकाएकी बंद पडलं. खोकणं नाही, धक्के नाहीत, दिवा विझावा तसं. गाडी गवतात घेतली आणि बॉनेट उघडलं. या गाडीचं बॉनेट म्हणजे पुढचं सगळं तोंडच, मडगार्ड आणि दिव्यांसकट काचेपाशी बिजागरीवर मागे उलटतं. समोर इंजिन पूर्ण मोकळं, चाकांच्या मधे उभं राहून काम करता येतं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल होतं, म्हणजे गडबड ठिणगीची. प्लगना वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. पॉइंट उघडमीट करत होते. मग त्यातला फिरणारा रोटर काढून उन्हात धरला, तर पितळी पट्टीच्या रिव्हेटपाशी केसाएवढी काळी रेघ. तेवढ्या वाटेने वीज खाली शाफ्टमध्ये पळत होती. नवा रोटर माझ्या टूलरोलमध्ये असतोच. पाच मिनिटांत गाडी पुन्हा सुरू. तेव्हा रस्त्यात एकटीने उभं असूनही मला भीती कशी ती वाटली नाही. काय तुटलंय ते माझ्या हातात होतं, आणि मला दिसत होतं.

ऑगस्टमध्ये आईबाबा आले. आईने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “अगं, हिची डिकी कुठंय?” डिकीला दारच नाही, हे तिला पटेना. मग मी सीट पुढे पाडली, कमरेपर्यंत आत शिरले आणि अंधारातून स्टेपनी ओढून बाहेर आणली. बाबा मात्र काही बोलत नव्हते. मी बॉनेट उलटलं तसे ते पुढे आले आणि इंजिनच्या टॅपेट कव्हरवर हात ठेवून उभे राहिले.

आमच्या आजोबांचा तासगावला दवाखाना होता, आणि खेड्यापाड्यांत जायला अ‍ॅम्बेसिडर, मार्क टू. ती अ‍ॅम्बेसिडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिचं १४८९ सीसीचं इंजिन याच कंपनीचं, याच घडणीचं, या इंजिनचा मोठा भाऊ म्हणा. मिस्त्री सांगलीहून यायचा. तो नसेल तेव्हा बाबा. तेव्हा ते कॉलेजात होते.

“टॅपेट किती ठेवतेस गं?” त्यांनी विचारलं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यामधली फट.

“बारा थाऊ.” थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

“आमचं पंधरा होतं.” मग जरा थांबून, “फीलर गेज आण.”

इंजिन रात्रभराचं थंड होतं. आम्ही कव्हर काढलं, चारही प्लग काढले आणि गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली. म्हणजे गाडी ढकलली की इंजिन फिरतं. आईला मागे उभं केलं. तिने आधी पदर खोचला, मग एका हाताने जरा दाबून बघितलं, तर गाडी सरकली. “एवढीशीच आहे की गं!” ती म्हणाली.

बाबा वाकून रॉकरकडे बघत होते. आठ व्हॉल्व्ह, आणि हिशेब नऊचा. जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल त्याचा आकडा नवातून वजा करायचा, जो उरेल तो सेट करायचा. मी हे मॅन्युअलमध्ये वाचून शिकले होते. बाबा ते पन्नास वर्षांपूर्वी मिस्त्रीकडून शिकले होते.

“आठ दाबलाय,” बाबा म्हणाले.

“म्हणजे एक.” मी फट मोजायची, फीलर गेजची पातळ पत्ती घातली. किंचित अडत सरकली. नट आवळला.

“बस. जास्त आवळू नकोस. पुढे ढकल गं.”

आई ढकलायची. गाडी चार बोटं पुढे. “थांब. सहा.”

“तीन.”

आठही टॅपेट होईपर्यंत गाडी जेमतेम दोन हात सरकली, आणि तिचे डोळे गॅरेजच्या सावलीतून उन्हात आले. बाबांनी शेवटच्या नटावरून स्वतःच पाना फिरवला आणि काळे झालेले हात पुसायला माझ्याकडे फडकं मागितलं.