अर्ध्या किलोचं मोल: गड्ड्यापासून दसऱ्यापर्यंतचा घरचा व्यायाम

मंडळी, आधी आकडे. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास माझा ओव्हरहेड प्रेस, म्हणजे बार खांद्यापासून डोक्यावर ढकलणं, २० किलोवर होता, तोही जेमतेम तीन रेप, म्हणजे सलग तीनदा. दसऱ्याच्या आठवड्यात २७.५ किलोचे पाच रेप झाले, कंबर न वाकवता. डेडलिफ्ट, म्हणजे बार जमिनीवरून उचलून उभं राहणं, ५० वरून ८० किलोवर गेला. जानेवारीत एकही पुल-अप (बारला लोंबकळून हनुवटी वर नेणं) निघत नव्हता, आता आधाराचा रबरी बँड न लावता दोन निघतात. माझं वजन ५८ किलो, वय चाळिशीच्या उंबरठ्यावर, आणि टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीवरचं काम. हे सांगते ते माझ्यासारख्याच कुणाला अंदाज यावा म्हणून.

या काळात मी घरासाठी बऱ्याच गोष्टी घेतल्या आणि जिमही पूर्ण सोडली नाही. सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती सगळ्यात स्वस्त वस्तू: हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी वायसर, बोल्टखाली घालतात त्या भोकाच्या चकत्या. कसे ते नीट लिहिते, कारण बायकांच्या व्यायामात घर की जिम हा प्रश्न माझ्या मते इथेच सुटतो.

जिममध्ये सर्वांत छोटी प्लेट बहुतेक ठिकाणी अडीच किलोची. दोन्ही बाजूंना एकेक लावली की पाच किलो वाढले. ६० किलोचा प्रेस मारणाऱ्या पुरुषाला पाच किलो म्हणजे आठ टक्के वाढ. माझ्या २० वर तीच वाढ पंचवीस टक्के होते. खांद्याचे स्नायू एका आठवड्यात पंचवीस टक्के तगडे होत नाहीत. मग बाई महिनोन्‌महिने त्याच २० किलोच्या रिकाम्या बारवर अडकते आणि शेवटी ठरवते की हा प्रकार आपल्यासाठी नाही. आमच्या बॅचमधल्या कितीतरी जणी अशाच मागे फिरल्या. ताकद त्यांच्यात होती, पायऱ्याच फार उंच होत्या.

वायसरने पायरी छोटी होते. माझी घरची दांडी २८ मिलिमीटरची आहे. तीत ३० च्या बोल्टचा वायसर आरामात जातो आणि एकेक पन्नास-पंचावन्न ग्रॅम भरतो. पाच-पाचांची जुडी बाइंडिंगच्या तारेत ओवली की पाव किलो झाला. दोन्ही बाजूंना एकेक जुडी, म्हणजे अर्धा किलो वाढ. जिमच्या बारचं टोक ५० मिलिमीटर जाड असतं, त्यासाठी ५२ च्या बोल्टचा वायसर घ्यायचा. तो मोठा एकटाच तीनशे ग्रॅमच्या आसपास जातो. मंगळवार पेठेत असे वायसर किलोवर मिळाले. किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक घालून जोड्या लावल्या, कारण एकाच मापाच्या वायसरांतही चार-सहा ग्रॅमचा फरक निघतो. जिममध्ये ते पिशवीत घालून नेते. सर पहिल्यांदा बघतच राहिले, नंतर त्यांनीच दुसऱ्या एका बाईला माझी जुडी लावून दिली.

माझी पद्धत साधी आहे. एका वजनावर पाच-पाच रेपचे तीन सेट (मधे दम घेऊन तीन फेऱ्या) स्वच्छ झाले की पुढच्या वेळी अर्धा किलो वाढवायचा. झाले नाहीत तर वजन तेच ठेवून पुढच्या खेपेला पुन्हा. तीन खेपा अडले तर दहा टक्के उतरायचं आणि परत चढायचं. एप्रिलमध्ये २३.५ वर आणि ऑगस्टमध्ये २६ वर असं उतरावं लागलं. दोन्ही वेळा उतरून आल्यावर पुढे गेले.

आता दांडीबद्दल. दुकानात सहा फुटी सरळ दांडी 'दहा किलोची' म्हणून देतात. बांधकामावरच्या लोकांना सळईच्या वजनाचं सूत्र पाठ असतं: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरला किती किलो ते निघतं. आमचे हे साइटवरच असतात, त्यांनी उभ्या उभ्या हिशेब केला. २८ चा वर्ग ७८४, भागिले १६२, म्हणजे मीटरला ४.८४ किलो. सहा फूट म्हणजे १.८३ मीटर. वजन आलं पावणेनऊच्या थोडं वर, आणि काट्यावरही तेवढंच भरलं. दांडी भरीव आहे की पोकळ हेही या हिशेबाने लगेच कळतं. प्लेटांचंही तसंच, ओतीव लोखंडाच्या दहाच्या प्लेटवर दहा लिहिलेलं असलं तरी ती दहाच भरेल असं नाही. अर्ध्या किलोने वाढवायचं असेल तर सगळं एकदा काट्यावर घालून खडूने खरं वजन लिहून ठेवा.

दुसरी चांगली खरेदी पुल-अप बारची. दाराच्या चौकटीत अडकवायचे तयार बार मी बघितले आणि घेतले नाहीत. आमच्या चौकटी जुन्या सागवानाच्या असल्या तरी त्यावर माणूस लोंबकळावा अशा बसवलेल्या नाहीत. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनवाल्या मामांकडून भिंतीवरचा बार करून घेतला. इथे एक माप लक्षात ठेवण्यासारखं आहे. पाइपचा इंच आतल्या पोकळीचा धरतात, बाहेरच्या जाडीचा नाही. 'एक इंची' पाइप हातात येतो तेव्हा तो ३३-३४ मिलिमीटर जाड असतो. सव्वा इंची सांगितला तर ४२ च्या पुढे जातो, आणि बाईच्या तळव्याला ती जाडी पकड सुटेपर्यंत त्रास देते. आपल्याला एक इंचीच हवा. बार बीममध्ये अँकर फास्टनरने ठोकून घ्या, विटांच्या भिंतीत नको. मामांनी स्वतः लोंबकळून दाखवलं, मगच पैसे घेतले.

पुल-अपसाठी बँड घेतले, जाड, मध्यम आणि बारीक असे तीन. जाडापासून सुरुवात केली आणि पावसाळ्यात बारीकवर आले. पण पहिला पुल-अप निघाला तो बँडच्या मदतीपेक्षा हळू उतरण्यामुळे, असं मला वाटतं. स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर घ्यायची आणि पाच मोजत खाली यायचं. बँड खाली जास्त ओढतो आणि वर ढिला पडतो, त्यामुळे वरचा टप्पा कच्चाच राहतो. उतरताना मात्र सगळ्या टप्प्यांत तुमचं पूर्ण वजन असतं.

बँड गच्चीवर कधीही ठेवू नका. लॅटेक्सला ऊन आणि उष्णता दोन्ही मानवत नाहीत. सोलापूरच्या मे महिन्यात गच्चीवर राहिलेल्या बँडला बारीक चिरा पडतात, आणि असा बँड ताणलेला असताना तुटला तर थेट तोंडावर येतो. मी टाल्कम पावडर लावून कपाटात ठेवते आणि वापरण्याआधी उजेडात धरून बघते.

सोलापूरकरांनी मात्र पैसे न घालवता एक उत्तम साधन वापरावं, ते म्हणजे आपला टर्किश टॉवेल. ज्या टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे तो पकडीच्या व्यायामालाही तितकाच पक्का निघाला. बारवर टाकायचा, दोन्ही टोकं दोन मुठीत धरायची आणि लोंबकळायचं. जाड, मऊ कापड मुठीतून निसटू पाहतं, त्यामुळे मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू आठवड्याभरात जाणवायला लागतात. डेडलिफ्टला माझी पकड आधी सुटायची आणि पाठ नंतर दमायची. आता उलट होतं, आणि ते या टॉवेलमुळे. दुसरा उपयोग फरशीवर. आमच्या घरी जुनी शहाबादी फरशी आहे, वापरून गुळगुळीत झालेली. पाठीवर झोपायचं, दोन्ही टाचांखाली नॅपकिन ठेवायचा, कंबर उचलायची आणि टाचा लांब सरकवून परत ओढून घ्यायच्या. जिममधलं लेग कर्लचं मशीन मांडीच्या मागच्या भागाला जे देतं ते इथे मिळतं, वर कंबरही उचलून धरावी लागते. दहा रेप करून बघा आणि मला सांगा.

डेडलिफ्ट घरी करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असतो, म्हणून बार जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर येतो. घरच्या लहान प्लेटा लावल्या की तोच बार बराच खाली जातो आणि पाठ गोल होते. सुताराकडून लाकडी ठोकळे करून घेतले, त्यावर प्लेटा टेकतात आणि बार बरोबर उंचीला येतो. दुसरं म्हणजे स्लॅब. राहत्या घराच्या खोलीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण दोनशे किलो वापरातल्या भारासाठी धरतात. ८० किलोचा बार ठेवण्याने काही होत नाही, आपटण्याने होतं. जाड रबरी मॅट खाली घाला, भिंतीच्या कडेला उचला आणि बार हाताने खाली ठेवा. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खालच्या माणसांची झोपही धरावी, मी साडेपाचला सुरू करते.

साडेपाच यासाठी की मार्च ते जून दुसरी वेळच नाही. बायकांची बॅच जिमवाले दुपारी ठेवतात, पुरुषांच्या सकाळ-संध्याकाळच्या गर्दीमधला उरलेला वेळ म्हणून. बाहेर ४२-४३ अंश, वर पत्रा, पंखे गरम वारा फिरवतात. अशा खोलीत बाईने स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठका) मारावेत ही अपेक्षा मला चुकीची वाटते, आणि हे मी जिमच्या मालकांना तोंडावर सांगितलं आहे. सकाळची एक बॅच बायकांना द्या, फी थोडी जास्त घ्या, आम्ही देऊ. अजून झालेलं नाही, पण आम्ही सहा-सात जणी मागे लागलो आहोत.

तरी जिम सोडत नाही, याची कारणं आहेत. रॅकशिवाय, म्हणजे बार टेकवायच्या लोखंडी सांगाड्याशिवाय, जड स्क्वॉट मी घरी करणार नाही. खाली अडकल्यावर बार सोडायला सेफ्टी रॉड हवेत. केबल मशीनला घरी पर्याय आहे, पण त्याच्या तोडीचा नाही. आणि बायकांची सोबत. पूर्व भागातल्या पद्मशाली मैत्रिणी माझे रेप तेलुगूत मोजतात, 'ओकटि, रेंडु, मूडु', आणि पाचवा अडला की सगळ्या मिळून 'ऐदु' असं ओरडतात. घरी एकटीने पाचवा रेप सोडला तर कुणाला कळत नाही. ८० चा डेडलिफ्ट तिथेच झाला, घरी ७५ च्या पुढे गेले नव्हते.

म्हणून माझं वर्ष आता ऋतूवर विभागलं आहे. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत जिम, तिथे स्क्वॉट आणि जड डेडलिफ्ट, फी तीन-तीन महिन्यांची. वर्षाची फी एकदम भरायला सूट देतात, पण उन्हाळ्याचे चार महिने जायचंच नसेल तर ती सूट हिशेबात बसत नाही. होळीनंतर घर. मग प्रेस, पुल-अप, रो (वाकून बार पोटाकडे ओढणं) आणि एका पायावरचे स्क्वॉट, ज्यांना वजन कमी लागतं.

वडील तालमीतले होते. सोलापूरच्या पेठांत गल्लोगल्ली तालमी, पण मुलींना तिथे लाल मातीपर्यंत जाता आलं नाही, मी दारातूनच बघत मोठी झाले. यंदा लाकडाच्या मुद्गलांची जोडी घडवून घेतली, एकेक चार किलोचा. प्रेसच्या आधी डोक्यामागून दहा-दहा फेऱ्या फिरवते. खुर्चीवर बसून आखडलेला खांदा याने जेवढा सुटतो तेवढा कुठल्याच स्ट्रेचिंगने मला सुटलेला नाही. मुद्गल घेताना मूठ आपल्या हाताच्या मापाची करून घ्या, पुरुषांच्या मापाची जाड मूठ फिरवताना घसरते.

सासूबाईंचंही लिहायला हवं. त्यांचं आयुष्य विड्या वळण्यात गेलं, मांडीवर सूप ठेवून, एका जागी. गुडघे आणि कंबर दोन्ही धरलेले. जूनमध्ये त्या स्वतःच म्हणाल्या, "अगं, मला पण एखादं शिकव की, तुझं लोखंड नको पण." डॉक्टरांना विचारून खुर्चीवरून उठबस सुरू केली. आधी हातांचा आधार घेऊन, मग हात छातीशी धरून. आता पाण्याचा कॅन पोटाशी धरून उठतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन लोट्याने वाढवता येतं. तीन लिटरवरून साडेपाचवर आल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात पासष्टच्या पुढच्यांसाठी आठवड्यात किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. तो भाग मी त्यांना वाचून दाखवला. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांनी पक्के धरलेत. नळाला काही दिवसांआड पाणी येतं तेव्हा भरलेली कळशी दारापासून स्वयंपाकघरापर्यंत आता त्या स्वतः नेतात.

ट्रेडमिल आणि सायकल मी घेतली नाही, घेणारही नाही. चालायला संभाजी तलावाचा काठ आहे, आणि त्या पैशात दांडी, प्लेटा, बार, बँड, मॅट सगळं येऊन वर उरतं. डंबेलच्या प्लास्टिकच्या सेटमध्ये आत सिमेंट असतं. सुरुवातीला चालतात, पण वजन वाढलं की आकार एवढा मोठा होतो की हात नीट फिरत नाही. त्यापेक्षा प्लेटा बदलता येणाऱ्या लोखंडी दांड्या घ्या, त्यांवर वायसरही चढतात.

दिवाळीनंतरचं ठरलेलं असं: प्रेस ३० किलोचे तीन रेप, पुल-अप पाच, स्क्वॉट ६० किलोचे पाच. सध्या जिममध्ये जुना रॅक विकायला निघाला आहे आणि आम्ही चौघी मिळून तो घ्यायच्या विचारात आहोत, एकीच्या तळमजल्यावरच्या रिकाम्या गाळ्यात लावायला. वेल्डिंगचे सांधे आणि सेफ्टी रॉडची भोकं बघून घ्यायची आहेत, त्यासाठी रविवारी फॅब्रिकेशनवाल्या मामांना सोबत नेणार आहे. कुणी जुना रॅक घेतला असेल तर आणखी काय तपासायचं ते त्याआधी कळवा.