आरओए करायच्या आधी काकांना विचारलं

लातूरच्या आमच्या छोट्या ब्रॉडबँड कंपनीला अपस्ट्रीमवाल्यांचा (आम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्यांचा) निरोप आला: आयपी ब्लॉकचे, म्हणजे आमच्या इंटरनेट पत्त्यांच्या गटाचे, आरओए करून घ्या. आरओए म्हणजे अमुक प्रीफिक्स (पत्त्यांचा गट) इंटरनेटवर कोणत्या एएसएनने (नेटवर्कच्या ओळख क्रमांकाने) जाहीर करायचा, याची डिजिटल सही केलेली नोंद. शेठ म्हणाले, "पाच मिनिटांचं काम, करून टाक." आजच्या राउटिंग टेबलात (कोणते पत्ते कोणत्या वाटेने जातात त्या यादीत) खरंच तेवढंच होतं. स्लॅश २२ चा, म्हणजे १०२४ पत्त्यांचा एक ब्लॉक, आमचा एकच एएसएन.

पण बॅकअप लिंक रोज कुठे दिसते? म्हणून राइपस्टॅट या राउटिंगच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर ब्लॉकचा जुना इतिहास काढला. तिथल्या आलेखात आमच्या लांबलचक पट्टीखाली दोन तुटक रेघा निघाल्या. एका पावसाळ्यात आमच्यातलाच स्लॅश २४ चा (२५६ पत्त्यांचा) तुकडा हैदराबादच्या एका ऑपरेटरच्या एएसएनवरून दिसत होता. दुसरी रेघ अगदी बारीक, कुठल्याशा परदेशी नेटवर्कची.

तेव्हा मी कंपनीत नव्हतो आणि फायलीतही काही सापडेना. शेवटी फायबर जोडणाऱ्या, स्प्लायसिंगवाल्या काकांना गाठलं. फायबरचं टोक पुसता पुसता, मान वर न करता म्हणाले, "औसा रोडला जेसीबीनं केबल उपटली व्हती की सर त्या साली! पुण्याची लाइन गेली. मंग हैदराबादवाल्यानं बँकांचं तेवढं चालू केलं, त्याच्याच नंबरावर."

म्हणजे आमच्या एकट्याच्या नावाने आरओए केला असता, तर पुढच्या कटला हीच सोय 'अवैध' ठरली असती आणि तपासणी करणाऱ्या नेटवर्कांनी तो रूट (वाट) टाकून दिला असता. गंमत अशी की आरओएच नसेल तर रूट 'नोंद सापडली नाही' म्हणून सहसा चालून जातो. अर्धवट नोंद त्याहून वाईट. त्या तुकड्यासाठी हैदराबादच्या एएसएनचा वेगळा आरओए केला.

शेठ सुटले, "मग त्या परदेशीलाही टाक, पुढे कटकट नको." मी साफ नाही म्हटलं. त्याचं ना बिल, ना मेल, ना काकांना आठवण. २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या स्लॅश २२ मधला स्लॅश २४ चा तुकडा असाच जाहीर केला होता, आणि जगभरात यूट्यूब बंद पडलं होतं. तसल्या रेघेला आपणच सही करून द्यायची?

हैदराबादवाल्यांना आता विचारलंय, बॅकअपवर आमच्याच एएसएनने बीजीपी (नेटवर्कांनी एकमेकांना वाटा कळवण्याची पद्धत) चालवू द्याल का. होकार आला की दुसरा आरओए काढून टाकीन.